लेकराच्या अंगावर अचानक पित्त उठलं, तर आधी घड्याळ बघा, मग ताट

लहान मुलांच्या अंगावर अचानक पित्त उठतं, त्यामागचं सगळ्यात नेहमीचं कारण खाणं नसतं. ते असतं साधं व्हायरल इन्फेक्शन. वाहतं नाक, दोन दिवसांचा ताप, एखाद्या दिवसाचे जुलाब, कधी तर कुणाच्या लक्षातही न आलेली सर्दी. हे अगदी सुरुवातीला सांगायला हवं, कारण खान्देशातल्या घरात गांधी, म्हणजे पित्ताचे खाजणारे फुगवटे, दिसल्या की सगळ्यांची नजर पहिल्यांदा ताटाकडे वळते. "पोरले काय दिधं व खावाले?" असं आजी विचारते आणि आई मनातल्या मनात कालचा सगळा दिवस उलगडू लागते. संध्याकाळपर्यंत त्या दीड वर्षाच्या जिवाचं वांगं बंद, केळं बंद, दाणे बंद, अंडं बंद, कधी कधी दूधसुद्धा बंद. वाढीच्या वयातल्या मुलाचं इतकं खाणं एका अंदाजावर काढून घेणं मला फार खटकतं. म्हणून कारण कसं शोधायचं, ते जरा नीट, पायरीपायरीने समजून घेऊ.

आधी धोका आहे का ते बघा

कारण नंतर शोधता येतं. आधी लेकराकडे बघा. गांधी फक्त कातडीवर आहेत, मूल खेळतंय, पितंय, रडलं तरी आवाज नेहमीसारखा आहे, तर तुमच्याकडे वेळ आहे. ओठ किंवा पापण्या थोड्या सुजल्या तरी तेवढ्यावरून जिवाला धोका ठरत नाही, मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. पण गांधींसोबत श्वास घ्यायला त्रास होतोय, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतोय, आवाज घोगरा झालाय, जीभ सुजलीय, लाळ गिळता येत नाही, पाठोपाठ उलट्या होताहेत, मूल पांढरंफटक पडलंय किंवा एकदम मलूल झालंय, यातलं एकही लक्षण दिसलं तर ती ॲनाफिलॅक्सिस नावाची गंभीर ॲलर्जी असू शकते.

तिच्यावर पहिलं औषध एकच: ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, दर किलो वजनाला 0.01 मिलिग्रॅम या हिशेबाने. ॲलर्जीचं सिरप पाजून वाट बघण्यात मोलाची मिनिटं जातात, कारण ते सिरप सुजलेला घसा उघडू शकत नाही आणि खाली आलेला रक्तदाबही वर आणू शकत नाही. 108 ला फोन करा आणि जवळात जवळ जिथे डॉक्टर किंवा नर्स आहे तिथे पोचा. धडगाव, मोलगीसारख्या सातपुड्यातल्या भागात मोठं रुग्णालय लांब असतं. म्हणून हे ठाऊक असायला हवं की ॲड्रेनलिन हे महागडं, दुर्मिळ औषध नाही. लसीकरणाच्या दिवशी नर्सताईंसोबत असणाऱ्या किटमध्येही ते असतं. आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आहे आणि रात्री तिथे कोण असतं, हे मूल आजारी नसतानाच विचारून ठेवा. वाटेत मुलाला खांद्यावर उभं धरून पळू नका. आडवं धरा. श्वासाला त्रास असेल तर मांडीवर टेकवून बसवा. इंजेक्शननंतर बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यातच थांबा, कारण काही मुलांना त्रासाची दुसरी लाट येते.

अशी वेळ क्वचित येते. बाकीच्या बहुतेक वेळी आपल्यासमोर असतं खाजणारं, किरकिरं, पण तसं ठणठणीत मूल, आणि एक कोडं.

गांध उठते म्हणजे काय होतं

आपल्या कातडीत, रक्ताच्या बारीक नळ्यांच्या आजूबाजूला मास्ट पेशी असतात. त्यांच्या पोटात हिस्टामिन आणि इतर काही रसायनांचे कण भरून ठेवलेले असतात. केळीच्या बागेतल्या राखणदारासारखं त्यांचं काम. काही खुट्ट झालं की आरडाओरडा करायचा. चोर आला तरी ओरडणार, रानडुक्कर आलं तरी ओरडणार आणि वाऱ्याने पान फाटलं तरी ओरडणार. हिस्टामिन बाहेर पडलं की बारीक नळ्या रुंदावतात, म्हणून लाली येते. त्यांच्यातून पाणी झिरपतं, म्हणून फुगवटा येतो. आणि मज्जातंतू चेतवले जातात, म्हणून खाज सुटते. झिरपलेलं पाणी काही तासांत परत शोषलं जातं आणि ती गांध मागे काहीही न ठेवता विरते. तोवर दुसरीकडे नवी उठलेली असते.

पोटातल्या आंबटपणाचा यात काही हात नाही. लिंबू-चिंच बंद करून किंवा ॲसिडिटीचं औषध देऊन गांधी थांबत नाहीत.

या पेशींना चेतवणाऱ्या वाटा अनेक आहेत. एक वाट खऱ्या ॲलर्जीची. शरीराने एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं (तो पदार्थ ओळखणारी प्रथिनं) बनवलेली असतात, ती मास्ट पेशींवर चिकटून बसतात आणि तो पदार्थ रक्तात आला रे आला की पेशी आपले कण बाहेर टाकतात. जपानमध्ये जन्मलेल्या किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या पती-पत्नी संशोधकांनी 1966 साली अमेरिकेत या प्रतिपिंडांचा छडा लावला. दुसरी वाट संसर्गाची. विषाणूशी लढताना शरीरात जी एकंदर धांदल उडते, तिच्यातच मास्ट पेशी चेततात. तिथे आयजीई लागत नाही की कुठला पदार्थ लागत नाही. तिसरी वाट काही औषधांची, जी पेशींना थेट डिवचतात. शिवाय दाब, थंडी, उष्णता यांनीही काहींच्या गांधी उठतात. वाटा वेगवेगळ्या असल्या तरी कातडीवर दिसतं ते सगळं सारखंच. गांधीकडे बघून कारण ओळखता येत नाही, मोठ्यातल्या मोठ्या डॉक्टरलाही नाही. कारण सापडतं ते वेळेच्या हिशेबात.

घड्याळ काय सांगतं

यावल तालुक्यातलं एक घर डोळ्यासमोर आणू. डिसेंबरचा रविवार, शेतात भरिताची पंगत. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजली, बडगीत ठेचली, त्यात हिरवी मिरची, लसूण, दाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात. सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या. दीड वर्षाच्या मुलीला दुपारी दोनच्या सुमारास बिनतिखटाच्या भरिताचे दोन-तीन घास भरवले. रात्री आठला वरण-भात, नऊला दूध. सोमवारी सकाळी सहाला ती उठली तेव्हा पाठ आणि मांड्या गांधींनी भरलेल्या.

सगळ्यांचं बोट भरिताकडे. आता हिशेब करा. अन्नाची आयजीईवाली ॲलर्जी काही मिनिटांत दिसते, फार तर दोन तासांत. भरीत आणि गांधी यांच्यात सोळा तास गेले. दुधालाही नऊ तास झाले. शिवाय दूध ती रोज पिते, दाण्याचा कूट घातलेली भाजी आठवड्यातून तीन-चारदा खाते, उडीद कळण्याच्या भाकरीतून कधीचाच पोटात गेलेला आहे. ज्या पदार्थाशी शरीराची इतकी ओळख आहे, तो एका पहाटे अचानक वैरी होण्याची शक्यता कमी.

आणखी एक दुवा मंगळवारी मिळतो. सोमवारी मुलीने ना वांगं खाल्लं ना दाणे, तरी मंगळवारी सकाळी नव्या गांधी. एखाद्या पदार्थाने उठलेलं पित्त साधारण काही तासांत, फार तर दिवसाभरात ओसरतं आणि तो पदार्थ पुन्हा पोटात जाईपर्यंत परतत नाही. चार-पाच दिवस गांधी येत-जात राहिल्या आणि संशयित पदार्थ मधे दिलेलाच नाही, तर त्या पदार्थावरचा आळ काढून घ्या.

मग कॅलेंडर उघडा. मागच्या बुधवारपासून नाक वाहत होतं. शुक्रवारी अंग कोमट लागत होतं, शनिवारी बरं वाटलं म्हणून विसरूनही गेलो. इथे आहे उत्तर. संसर्गाच्या गांधी कधी तापासोबत उठतात, कधी ताप उतरल्यावर, मूल बरं झालंय असं वाटत असताना. म्हणून तर त्यांचा संबंध लक्षात येत नाही. त्या काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेसुद्धा येत-जात राहतात आणि एक दिवस आपल्या आपण थांबतात.

आणि इथेच मोठी फसगत होते. घरच्यांनी सोमवारी वांगं बंद केलं, गुरुवारी गांधी थांबल्या. बघा, वांगंच होतं! पण त्या गुरुवारी थांबणारच होत्या. बंद केलं आणि थांबलं, एवढ्यावर कारण ठरत नाही. पुन्हा दिल्यावर थोड्या वेळात पुन्हा तसंच होतं का, हा खरा पुरावा. (त्रास गंभीर झाला असेल तर हा प्रयोग घरी अजिबात करायचा नाही. तो दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखाली, थोडं थोडं वाढवत करतात.) अशा चुकीच्या खुणा मुलाला वर्षानुवर्षं चिकटतात. "हिला दाणे चालत नाहीत" हे पुढे शाळेत, पाहुण्यांकडे, लग्नात सांगितलं जातं आणि त्यामागे असते एक विसरलेली सर्दी.

ताट खरंच दोषी असतं तेव्हा

अन्नाची ॲलर्जी खरी असते तेव्हा ती सहसा लपून राहत नाही. लग्नात पहिल्यांदाच काजूकतली दिली आणि दहा मिनिटांत ओठ सुजले, तोंडाभोवती गांधी उठल्या, त्या गळ्यावर-पोटावर पसरल्या, मग उलटी झाली. संक्रांतीला पहिल्यांदा तिळगूळ दिला आणि मूल जीभ चोळू लागलं. पहिल्यांदा अंडं दिलं आणि अर्ध्या तासात अंग भरलं. पहिल्यांदा किंवा दुसऱ्यांदा दिलेला पदार्थ, थोड्या वेळात त्रास, आणि तोंड-पोट-कातडी अशा एकाहून जास्त ठिकाणी त्रास. असं असेल तर तो पदार्थ ताबडतोब थांबवा आणि बालरोगतज्ज्ञांकडे जा. लहान मुलांत जास्त दिसणाऱ्या ॲलर्जी म्हणजे दूध, अंडं, गहू, शेंगदाणा, काजू-अक्रोडासारखी कवचाची फळं, तीळ, सोयाबीन आणि मासे. भारतात हरभऱ्याच्या आणि इतर डाळींच्या ॲलर्जीही नोंदल्या गेल्या आहेत, म्हणजे झुणका-पिठल्यालाही यादीबाहेर ठेवता येत नाही.

वांग्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण आपल्याकडे ते सगळ्यात आधी पकडलं जातं. वांगं खाल्ल्यावर तोंडाला-घशाला खाज येते असं काही जणांचं होतं, हे खरं आहे. वांग्याची खरी ॲलर्जीही असते. पण तिचंही घड्याळ तेच: खाल्ल्यावर लगेच. दर वेळी भरीत खाल्लं की पंधरा मिनिटांत ओठ खाजतात, तर वांग्यावर संशय घ्या. आयुष्यात एकदाच, दुसऱ्या दिवशी सकाळी, तर नको. केळ्याचंही तसंच. रावेर-यावलच्या मुलांचं पहिलं वरचं अन्न बहुधा केळंच असतं. त्याची ॲलर्जी होऊ शकते, पण क्वचित, आणि तीसुद्धा खाताखाताच कळते.

टोमॅटो, संत्रं, आंबा असं आंबट-रसाळ खाताना हनुवटी आणि गाल लाल होतात, पुसल्यावर तासाभरात जातात. ती बहुतेक वेळा नाजूक कातडीची जळजळ असते. तेवढ्यावर पदार्थ बंद करू नका.

शेंगदाण्याची भीती तर उलटी फिरवण्याची गरज आहे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधल्या लीप अभ्यासात, एक्झिमा (कातडी कोरडी पडून खाजण्याचा आजार) किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या, म्हणजे जास्त धोक्यातल्या, 640 बाळांचे दोन गट केले होते. एका गटाला तान्हेपणापासून शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, दुसऱ्याला पाच वर्षांची होईपर्यंत अजिबात दिले नाहीत. पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी कितीतरी जास्त दिसली ती न देणाऱ्या गटात. लवकर आणि नियमित खाण्याने शरीर त्या पदार्थाला ओळखीचा मानायला शिकतं. आपल्याकडे कूट भाजीत जातोच, तो जाऊ द्या. अख्खा दाणा मात्र लहान मुलाला देऊ नका. कारण ॲलर्जीचं नाही, तो श्वासनलिकेत अडकतो. नाहक बंद केलेलं अन्न हेही नुकसानच आहे, ते फक्त लगेच दिसत नाही.

औषध, सुई आणि किडा

ताप आला म्हणून अँटिबायोटिक सुरू झालं आणि पाचव्या दिवशी अंगावर उठलं. दोष औषधाचा की ज्या तापासाठी ते दिलं त्याचा? दोन्ही शक्य आहे. पण लहान मुलांत अमॉक्सिसिलिन या पेनिसिलिनच्या घराण्यातल्या अँटिबायोटिकच्या दरम्यान उठलेल्या पुरळांपैकी बहुतेकांच्या मागे विषाणूच असतो. ज्या मुलांवर पेनिसिलिनच्या ॲलर्जीचा शिक्का बसतो, त्यांना पुढे नीट तपासून पुन्हा औषध दिलं तर बहुतेकांना काही होत नाही. तो शिक्का जन्मभर राहिला तर प्रत्येक आजारात मुलाला दुसरं, अनेकदा जास्त जोराचं औषध मिळतं. म्हणून औषध आपल्या मनाने सुरू-बंद करू नका. कितव्या डोसनंतर, किती मिनिटांनी गांधी उठल्या ते लिहून डॉक्टरांना दाखवा. डोस दिल्यावर तासाभरात उठल्या असतील तर संशय खराच मोठा, आणि तपासणी होईपर्यंत ते औषध द्यायचं नाही. तापासाठी दिलेलं आयबुप्रोफेनही काही मुलांत पित्त उठवतं, तेही यादीत लिहा.

लसीनंतर गांधी उठल्याच तर त्या सहसा पहिल्या अर्ध्या तासात उठतात. नर्सताई अर्धा तास थांबायला सांगतात ते यासाठीच. गोवर-रुबेलाच्या लसीनंतर आठवड्याभराने थोडा ताप आणि बारीक पुरळ येऊ शकतं. ते पित्त नाही आणि ॲलर्जीही नाही.

पावसाळ्यात वेगळाच गोंधळ. हातापायावर, कंबरेजवळ, तीन-चारच्या ओळीत कडक लाल फोड, प्रत्येकाच्या मधोमध बारीक टिंब, आणि ते तिथेच आठवडाभर टिकतात. हे डास, पिसवा, ढेकूण यांच्या चाव्याचं पुरळ. "आम्ही पण त्याच खाटेवर झोपलो, आम्हाला कसं नाही झालं?" असं घरचे म्हणतात. कारण मोठ्यांच्या शरीराला त्या चाव्याची सवय झालेली असते, लेकराच्या नाही. गोठ्याजवळ झोपणं, कोंबड्यांचं खुराडं, जुनी गादी, हे बघा.

बांधावर खेळताना सुरवंट अंगावरून गेला किंवा खाजकुयलीच्या शेंगा लागल्या तर लागल्या जागी लगेच गांधी उठतात. त्या जागेवर चिकटपट्टी लावून ओढली तर केस निघतात, मग पाण्याने धुवा, चोळू नका. बिब्ब्याचं तेल लावलेलं असेल तर कातडी भाजल्यासारखी होऊन फोड येतात, कधी दोन-तीन दिवसांनी. ती गांध नव्हे, इजा आहे, आणि लहान मुलाच्या अंगाला बिब्बा लावूच नये. मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असताना मानेवर-पाठीवर उठतात त्या बहुधा घामोळ्या. जंतांमुळे पित्त उठू शकतं, पण अचानक उठलेल्या प्रत्येक पित्ताला जंत समजून औषध देत सुटायचं कारण नाही. शाळा-अंगणवाडीत मिळणारी जंतांची गोळी ठरल्या दिवशी घेतली की पुरे.

बॉलपेन, काचेचा पेला आणि फोन

दवाखान्यात पोचेपर्यंत गांधी विरलेल्या असतात, हा पालकांचा नेहमीचा अनुभव. म्हणून उठल्या उठल्या उजेडात फोटो काढा. मग एका गांधीभोवती बॉलपेनने रेघ ओढा आणि वेळ लिहून ठेवा. चोवीस तासांच्या आत ती रेघेच्या आतून नाहीशी झाली, दुसरीकडे नवी आली, तर हे पित्तच. तीच गांध तिथेच दिवसाहून जास्त टिकली, दुखू लागली किंवा जाताना निळसर डाग सोडून गेली, तर तो वेगळा आजार असू शकतो आणि डॉक्टरांनी बघायलाच हवा.

दुसरी परीक्षा काचेच्या पेल्याची. स्वच्छ पेला डागावर दाबा. गांध दाबाखाली फिकी पडते. फिका न पडणारा लाल-जांभळा ठिपका म्हणजे कातडीखाली रक्त उतरलेलं. डेंग्यूच्या दिवसांत तापासोबत असे ठिपके दिसले तर वेळ न घालवता दवाखाना गाठा. पायांवर असे डाग, पोटदुखी आणि सुजलेले घोटे असतील तरीही तसंच.

विषाणूनंतर उठणाऱ्या पित्ताचा एक प्रकार लहान मुलांत मुद्दाम माहीत असावा, कारण तो बघून आईबाप हादरतात. मोठमोठी वर्तुळं, नकाशासारख्या कडा, मधे निळसर-जांभळी छटा, तळहात-तळपाय सुजलेले. दिसायला भयंकर, पण मूल तसं बरं असतं, प्रत्येक वर्तुळ दिवसाच्या आत जागा बदलतं आणि ॲलर्जीच्या साध्या औषधाला चांगली दाद देतं.

फोटोंसोबत फोनमध्येच लिहून ठेवा: गांधी किती वाजता दिसल्या, त्याआधीच्या दोन तासांत तोंडात काय गेलं, त्यातलं पहिल्यांदाच काय होतं, मागच्या दोन आठवड्यांत ताप-सर्दी-जुलाब कधी, कोणतं औषध, कोणती लस, कुठे खेळलं, कुठे झोपलं. ही नोंद कुठल्याही रक्ततपासणीपेक्षा डॉक्टरांच्या जास्त कामाची.

तपासणी करावी का?

पहिल्यांदाच पित्त उठलंय, मूल एरवी ठीक आहे, सर्दी-तापाचा इतिहास आहे, तर सहसा कुठलीच तपासणी लागत नाही. हे ऐकून पालकांना समाधान होत नाही, हे मला कळतं. काहीतरी रिपोर्ट हातात असावा असं वाटतं. पण शंभर पदार्थांचं ॲलर्जी पॅनेल करून घेणं इथे उपयोगाचं तर नाहीच, घातकही ठरू शकतं. रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्धचं आयजीई सापडणं म्हणजे त्या पदार्थाचा त्रास होणं नव्हे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या कर्नाटकातल्या एका मोठ्या पाहणीत सुमारे चारातल्या एका प्रौढाच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडलं. अन्नाची ॲलर्जी प्रत्यक्षात असण्याची शक्यता मात्र शंभरात एखाद्यालाच होती. म्हणजे आंधळेपणाने तपासलं तर बहुतेक नावं खोटीच निघणार, आणि त्या यादीवरून मुलाचं जेवण कापलं जाणार. आयजीजी या दुसऱ्या जातीच्या प्रतिपिंडांची पॅनेलं तर त्याहून निरुपयोगी. आयजीजी हे तो पदार्थ खाल्ल्याचं लक्षण आहे, ॲलर्जीचं नाही.

घड्याळाने एखाद्या पदार्थाकडे बोट दाखवलं असेल तेव्हा तपासणीला अर्थ येतो. मग फक्त त्याच पदार्थाची त्वचेवर टोचून करायची चाचणी किंवा त्याच पदार्थाचं आयजीई. त्वचेच्या चाचणीआधी काही दिवस ॲलर्जीचं औषध थांबवावं लागतं, नाहीतर निकाल खोटा येतो. यासाठी आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत बालरोग विभाग आहेत. ही चाचणी कुठे करायची आणि करायची की नाही, हे त्यांनाच ठरवू द्या.

तोवर खाजेचं काय?

सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिनसारखं, फार झोप न आणणारं औषध, डॉक्टरांनी वजनावरून सांगितलेल्या मात्रेत. त्याने कारण जात नाही, पण हिस्टामिनचा परिणाम थांबतो आणि मूल झोपतं. गांधी येत असतील तितके दिवस ते रोज ठरल्या वेळी दिलेलं बरं, उठल्यावर धावाधाव करून देण्यापेक्षा. जुन्या, गुंगी आणणाऱ्या औषधांपासून लहान मुलांना लांब ठेवा. प्रोमेथाझिन तर दोन वर्षांखाली देऊच नये, त्याने श्वास मंदावू शकतो. घरातली मोठ्यांची गोळी अर्धी करून देणंही तितकंच धोक्याचं.

अंग कोमट किंवा गार पाण्याने पुसा, सैल सुती कपडे घाला, नखं कापा. गरम पाण्याच्या आंघोळीने गांधी वाढतात. आमसुलाचं पाणी लावायची आपली जुनी रीत आहे. कातडी फाटलेली नसेल तर लावायला हरकत नाही, थंडावा मिळतो. आमसूल लावून गांध गेली तरी ती तिच्या वेळेनेच गेली, एवढं मनात असू द्या. पित्त उठलं की डेक्साचं, म्हणजे स्टेरॉइडचं, इंजेक्शन घ्यायची गावोगावची सवय मात्र सोडायला हवी. स्टेरॉइडने गांधी दबतात म्हणून ते औषध चमत्कारी वाटतं, पण साध्या पित्ताला त्याची गरज नसते आणि लहान मुलाला पुन्हा पुन्हा दिलेल्या स्टेरॉइडचे परिणाम वाईट असतात.

सहा आठवड्यांच्या आत थांबलं तर ते तात्पुरतं पित्त, आणि बहुतेक मुलांची गोष्ट त्याच्या कितीतरी आधी संपते. त्याहून जास्त दिवस, आठवड्यातले बरेच दिवस गांधी येत राहिल्या तर तज्ज्ञांना दाखवा. तिथेही कारण अन्नात सापडणं विरळाच. बहुतेकदा शरीराची प्रतिकारयंत्रणाच मास्ट पेशींना डिवचत असते. काही मुलांत थंडी किंवा दाब हे निमित्त ठरतं.

आणि ॲलर्जी खरीच निघाली, समजा अंड्याची किंवा काजूची, तर घरातल्या प्रत्येकाला आणि अंगणवाडीच्या ताईंना त्या पदार्थाचं नाव, दिसणारी लक्षणं आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर लिहून द्या. मामाच्या गावाला जाताना तोच कागद सोबत द्या. दूध, अंडं, गहू यांची ॲलर्जी बहुतेक मुलांत वाढत्या वयात निघून जाते. शेंगदाणा आणि काजूची तितक्या सहज जात नाही. म्हणून दर वर्षी-दीड वर्षाने डॉक्टरांना विचारत राहा, आता पुन्हा देऊन बघायची वेळ आली का?